पाणी उतरल्यावर

बसमधून उतरणारी म्हातारी माझी माय आहे हे मला ओळखूच आलं नाही. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. गुढीपाडव्याची सकाळ. गणेशपेठच्या स्टँडवर मी उमरेडच्या गाडीसाठी उभी होते. गाडी लागली तसा कंडक्टर ओरडायला लागला, आधी उतरू द्या, आधी उतरू द्या. दांडी धरून एक म्हातारी पायानं पायरी चाचपडत होती, अन् पायरी तिला सापडत नव्हती. मी मनात म्हटलं, कोणाची आहे ही, घरच्यांना काही लाज, असल्या नजरेच्या बाईला गाडीत कोंबून देतात. मग तिचा अंगठा दिसला. चिखलात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करून करून बाहेर वळलेला, सुपाच्या टोकासारखा पसरलेला. चेहऱ्याच्या आधी मी तो अंगठा ओळखला. एखादं माणूस ज्या जागी पाहायची सवय असते ती जागा सोडून दिसलं तर डोळा त्याला आत घेत नाही. मायला मी आमच्या डव्हाखेडीच्या बाहेर कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या लग्नाला ती मांडवाच्या दारापर्यंत आली होती, बस. मागून माझा भाऊ बळीराम उतरला, खांद्यावर गाठोडं.

"कुठं निघाली वं तुळसे?" मायनं विचारलं. डोळ्यांनी नाही, आवाजावरून नाही, मी तर बोललेच नव्हते. कशावरून तिनं मला ओळखलं ते तिचं तिला ठाऊक.

"कुठं म्हणजे? तुझ्याचकडे."

"मी तं इथं हाये. आता तिकडं कोणाकडे जाशील?"

बळीराम खाली पाहत होता. "बाई, रस्ता तोडला खाणवाल्यांनी," तो म्हणाला. "घरं उठवली. आमाले पत्र्याच्या शेडीत टाकलं. माय तिथं राहून नाई राहिली. दोनदा निघून गेली वावराकडे, अन् वावर तं अर्धं खोदलं."

कोळशाची खाण येणार हे मी वर्षानुवर्षं ऐकत होते. माझी लेकरं लहान होती तेव्हापासून ऐकत होते. ऐकलेल्या गोष्टीची एक मोठी सोय असते, ती झालेली नसते. त्या सकाळी स्टँडवर, उसाच्या रसाच्या चरकाचे घुंगरू वाजत असताना, ती झाली. गाडी भरली, निघून गेली, माझी जागा कोणी घेतली असेल. लग्नानंतर एकही पाडवा मी चुकवला नव्हता. पोट पुढं आलेलं असताना गेले, नवरा गेला त्या वर्षी पांढऱ्या कपाळानं गेले. सासू म्हणायची, सणाच्या दिवशी घरची लक्ष्मी बाहेर जाते, हे काय वळण आहे? मी म्हणायची, लक्ष्मीलाही माहेर आहे. सासूनंतर मला विचारणारं कोणी उरलं नाही. मीच झाले विचारणारी.

मी जायची मुंडीसाठी. गोरखमुंडी म्हणतात तिला वैदूलोक. धान कापून झाल्यावर बांधीत, म्हणजे मातीचे धुरे घालून पाणी अडवलेल्या धानाच्या वावरात, ती आपल्या मनानं येते. जमिनीला चिकटून पसरते, खोडाला पंखासारख्या पट्ट्या, पानं हातात धरली तर चिकटतात, अन् वर गोल गोल बोंडं, पिकल्या जांभळाचा रस पांढऱ्या लुगड्यावर सांडून धुतल्यावर जो रंग उरतो तसली. ढोरं तिला तोंड लावत नाहीत. तिचा वास काय सांगू, मधाचा म्हणावा तर त्यात कापूर आहे, कापराचा म्हणावा तर त्यात उन्हात तापलेल्या चिखलाचा आहे. आमच्याकडे पाडव्याच्या दिवशी ज्यानं त्यानं बांधीत जायचं, आपल्या हातानं एक बोंड तोडायचं आणि दात न लावता गिळायचं. मग वर्षभर डोळे येत नाहीत, असं म्हणतात. पण नेम दुसराच होता, आणि त्याच्यासाठी मी ती धूळ खात जायची. मुंडी कोणी कोणाला द्यायची नाही. माय लेकराला देत नाही, नवरा बायकोला देत नाही. धान कापेपर्यंत वावर मालकाचं. कापलं की मोकळं, कोणाच्याही गाई येतात, कोणीही पडलेल्या लोंब्यांचा सरवा वेचतो. त्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर जे आलं ते जो वाकला त्याचं. माझा बाप, ज्याच्या नावावर ती बांधी होती, तोही वाकायचा. त्याच्या शेजारी आमचा गडी वाकलेला असायचा. दोघांची पाठ एका उंचीवर. हे मी लहानपणी पाहिलं होतं आणि मला त्याची भीती वाटली होती, देवळात वाटते तसली. एवढुशा बोंडासाठी बापाची पाठ खाली जाते, म्हणजे ते बोंड काही साधं नाही.

सायकलरिक्षात मायला मी माझ्या अंगाला टेकवून बसवलं. रिक्षा सक्करदऱ्यात आली. घरी आल्यावर माझ्या सुनेनं, शामलानं, तिच्या पायावर पाणी घातलं. माझ्या अंगणात तेव्हा नवी शहाबादी फरशी होती. आदल्या दिवाळीत मी मुलाच्या मागं लागून ती घालून घेतली होती, इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान बरं चाललं होतं, आणि गल्लीत अशी फरशी कोणाकडे नाही हे मी गल्लीला विसरू दिलं नव्हतं. मायनं त्या फरशीवर पाय ठेवला आणि उचलला. पुन्हा ठेवला. "खाली काय हाये?" म्हणाली.

"खाली जमीनच आहे, माय. वरून दगड घातला."

"काहून? जमीन पळून जात होती का?"

बळीराम हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. मग मी सरळच सांगितलं, माय आता इथंच राहील. शेड नाही, काही नाही. माझं घर मोठं आहे, सून कामाची आहे, काही कमी पडायचं नाही.  माय म्हणजे लेकीच्या घरचं पाणीही मोजून पिणारी बाई. लग्नानंतर मी तिला साडी नेली की ती माझ्या ओटीत तेवढ्याच मोलाचे तांदूळ घालायची, म्हणजे घेतलं असं व्हायला नको. हे सगळं माझ्यात कुठून आलं ते विचारायला लांब जायला नको.

"राहीन," ती म्हणाली, आणि मला वाटलं जिंकले. "पण लेकीच्या घरी बसून खायची माही जात नाई. तुह्या इथं मुंडी आली तं राहीन. पुढच्या पाडव्यापावेतो पाहू. नाई आली तं बळीराम मले नेईल. शेडीत तं शेडीत."

"मुंडी? अंगणात?" बळीराम म्हणाला. "रान कोणी पेरते का वं माय?"

"म्हणूनच तं म्हणून राहिली."

मला कळलं, हा होकार नव्हता. सभ्यपणे नाही म्हणायची तिची रीत होती ती. जे होऊच शकत नाही ते तिनं मधे ठेवलं होतं, एखाद्यानं दारात खाट आडवी टाकावी तसं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "आणून दाखवते. ह्याच अंगणात. बळीराम, तू साक्षीला गा." शामला म्हणाली, "आत्याबाई, ही मुंडी मिळते कुठं?" तिला वाटलं रोपं विकत आणायची. कळमन्याच्या बाजारात सगळं मिळतं असं तिचं मत होतं.

वैशाखात मी बळीरामसोबत गेले. जुन्या रस्त्यानं नाही, खाणीच्या नव्या रस्त्यानं, मागून आलेल्या ट्रकनं आमच्यावर काळी धूळ टाकली आणि बळीरामचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. वावराचा वरचा तुकडा शिल्लक होता. त्याच्या पुढं काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे खरंच काही नव्हतं, जमीन थांबली होती. मी काठाशी गेले. बळीराम मागून पदर धरून ओढत होता, "बाई, माती ढासळते." मी खाली पाहिलं, आणि आजही तो खड्डा आठवला की माझ्या तळपायांना घाम येतो. वरती आमची काळी माती होती, हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढीच, जशी दुधावरची साय. तिच्याखाली पिवळा मुरूम, त्याच्याखाली पांढरं, मग राखाडी, मग कुठंतरी खूप खोल, मुंग्यांएवढ्या गाड्यांच्या खाली, काळं. चमकणारं. ऊन त्याच्यावर पडून परत वर येत होतं. माझ्या बापानं सगळी जिंदगी त्या सायीवर घालवली. आजानं घालवली. भांडले त्या सायीवरून, एका धुऱ्यासाठी चुलतभावाचं तोंड नाही पाहिलं मरेपर्यंत. आणि खाली हे होतं, तेव्हाही होतं, मी बांधीत रोवणा करत होते तेव्हा माझ्या पायांखाली होतं, गप्प. घरी येऊन सांगितलं तर शामला म्हणाली, आत्याबाई, कोळसा म्हणजे जुनं जंगलच असतं, गाडलं गेलेलं.  त्यानंतर कितीतरी दिवस मी शेगडीत कोळसा टाकताना हात आखडता घ्यायची. कोणत्या झाडाचा पाला हा, त्याला फूल कसलं येत होतं, ते कोणी पाहिलं. पाहायला कोणी नव्हतं आणि तरी ते आलं होतं. ह्याचा मला रागही यायचा आणि धाकही वाटायचा.

काठावरच्या तुकड्यातून मी मुंडीची वाळकी बोंडं गोळा केली. करकरीत वाळलेली, दाबली की भुगा होत होता, त्या भुग्यात बी कोणतं आणि कुसळ कोणतं ते सांगता येत नव्हतं. पदराच्या गाठीत बांधून आणली. मृग लागायच्या आधी अंगणाच्या कोपऱ्यातली एक फरशी काढवून वाफा केला. शेणखत घातलं, माती चाळणीनं चाळली, चाळणीनं! निम्मी बोंडं चुरून पेरली, वरून झारीनं पाणी. रोज. जे उगवायचं ते मी वाकून पाहायची आणि मुंडी नाही म्हणून उपटून टाकायची. गवत आलं, माठ आला, कुठून तरी टोमॅटो आला, माका आला. एवढं चांगलं अंथरूण घातल्यावर सगळं रान येऊन झोपलं, जिच्यासाठी घातलं ती सोडून. माय दारात पायरीवर बसून ऐकायची. तिला दिसत नव्हतं, पण माझ्या विळ्याचा आवाज ऐकून ती सांगायची, "अजून नाई वाटते."

"येईल."

"मी कुठं नाई म्हटलं?"

मला तिच्या ह्या बोलण्याचा संताप यायचा, कारण मी स्वतः अशीच बोलते आणि समोरच्याचं काय होतं ते मला पहिल्यांदा कळत होतं. तिला मी काही करू देत नव्हते. ती तांदूळ निवडायला बसली की सूप काढून घ्यायची, उठली की हात धरायची, शामलाला सांगून ठेवलं होतं, आजीला एकटं सोडायचं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आईची सेवा करावी तर तुळसाबाईंनी. मी ऐकून घ्यायची. माय दिवसेंदिवस बारीक होत होती, बोलणं कमी होत होतं, ताटातलं ताटात राहत होतं, आणि मी आणखी वाढायची.

आषाढात झड लागली होती. मी खिडकीशी बसून त्या वाफ्याकडे पाहत होते, बी कुजलं असणार हे मनाला पटत होतं आणि पटवून घेत नव्हते. मी डोळे मिटले आणि डव्हाखेडीची मुंडी आठवायला लागले, एखाद्या हरवलेल्या माणसाचा चेहरा आठवावा तशी. आठवली तर पाडव्याचीच आठवायची, उन्हातली, फुललेली. म्हटलं, त्याच्या मागं जा. त्याच्या मागं काय होतं? भेगा पडलेला चिखल. त्याच्या मागं कापलेल्या धानाचे बुडखे. त्याच्या मागं विळे. त्याच्या मागं पाणी, पोटरीपर्यंत पाणी, महिनेच्या महिने पाणी, त्यात आम्ही बायका ओळीनं वाकलेल्या, पाण्यात आभाळ, आभाळात आमचे हात. त्या पाण्यात मुंडी मी कधी पाहिली नव्हती. आणि जिथं ते पाणी बसत नव्हतं तिथंही कधी पाहिली नव्हती. उंचवट्यावर नाही, बागेत नाही, कोरड्या वावरात नाही. पाणी बसून उतरल्याशिवाय ती येतच नव्हती. ज्या बियाला मी झारीनं न्हाऊ घालत होते त्याला सगळा पावसाळा बुडून राहायचं होतं, आणि मग कोणी विचारायला नको होतं.  मी जन्मभर त्या वावराची लेक म्हणून मिरवले, आणि मुंडी कशी येते हे माझ्या डोळ्यांनी दरसाल पाहिलं होतं, फक्त त्यांनी मला ते सांगितलं नव्हतं.

"मुंडी नाही पेरायची," मी मुलाला म्हटलं. "धान रोवायचं."

"कुठं?"

"अंगणात."

 त्यानं फरशीकडे पाहिलं. "आई, ही फरशी तूच—"

"मीच घालून घेतली. मीच काढवते."

दोन मजूर लावून सगळी फरशी उखडली. कौसल्या, समोरची, कमरेवर हात ठेवून बघत होती. "तुळसाबाई, विहीर खोदून राहिल्या का?" म्हटलं, "वावर करून राहिली. तुमच्या घरी तांदूळ संपले की या." धुरे घातले, गुडघाभर माती खोदून भिजवली, उरलेली बोंडं चुरून त्या गाऱ्यात मिसळली. बळीरामनं शेडीशेजारच्या कोणाच्या तरी शेतातून धानाचे परे, म्हणजे रोपं, आणून दिले. मी काष्टा घातला आणि अंगणात उतरले. शामला म्हणाली मी पण येते, आली, आणि तिसऱ्या ओळीत चिखलात बसली. हसलो. गल्लीतली माणसं फाटकावरून पाहत होती आणि मला पहिल्यांदा त्यांची काही पर्वा नव्हती, कारण पाय चिखलात गेला होता आणि पायाला सगळं आठवत होतं. माय पायरीवर बसून कान लावून होती. आम्ही बोललो नाही तरी तिला कळत होतं, कोणती ओळ कुठं वळली. मधेच म्हणाली, "दाट होऊन राहिलं. सोडून सोडून लाव. तू कोणालेच सोडत नाई वं तुळसे." मी वाकलेलीच राहिले. वर पाहिलं नाही.

सगळा श्रावण माझ्या अंगणात पाणी उभं होतं. डास झाले, शेजारी कुरकुरले, महानगरपालिकेचा फवारणीवाला आला, त्याला मी चहा पाजून परत पाठवला. धान वाढलं. सक्करदऱ्याच्या गल्लीत, दोन भिंतींच्या मधे, धान. वारा यायला जागा नव्हती तरी ते हलायचं. सकाळी दार उघडलं की हिरवा उजेड ओसरीत यायचा आणि माय त्या उजेडाकडे तोंड करून बसायची. भादव्यात एक मोठा पाऊस झाला, फाटकाजवळचा धुरा फुटला, आणि सगळा गाळ गल्लीत वाहून गेला, भिंत आणि रस्ता ह्यांच्या मधल्या खोलगट पट्टीत जाऊन बसला. गल्ली ओरडली. मी धुरा बांधून काढला, आणि बाहेर गेलेल्या गाळाकडे पुन्हा पाहिलं नाही. बाहेरचं ते बाहेरचं.

दिवाळीनंतर धान कापलं. एक पायलीसुद्धा भरलं नसेल. आणि मग वाट. चिखल सुकायला लागला तसा माझा जीव थाऱ्यावर राहिना. फार कोरडं झालं तर? दोन दिवसांआड मी संध्याकाळी शिंपडायची, थोडंच, भेगा पडू नयेत म्हणून. थोडं शेण. मार्गशीर्ष गेला. पौष. हरळी आली, लव्हाळा आला. मी रोज सकाळी अंगणात उकिडवी बसून बोटांनी माती चाचपायची, आणि मला वाटायचं खालून काहीतरी मला चाचपतंय, ओळखतंय, आणि वर येत नाही. थंडीत माय उन्हासाठी बाहेर जाऊन बसायला लागली. पहिल्यांदा मी अडवलं. मग माझंच चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हटलं जाऊ दे. काठी टेकत जायची, भिंतीला धरून, दुपारभर फाटकाबाहेर. येऊन भूक लागली म्हणायची. मला वाटलं उन्हानं लागत असेल.

माघातल्या एका दुपारी मी तिचे पाय धुवायला बसले. हे काम मी शामलाला देत नव्हते. तांब्यातलं पाणी पायावर पडलं आणि वास आला. माझा हात तिथंच राहिला. मी घंगाळावर वाकले, तिच्या तळव्यापाशी नाक नेलं, माझं वय, माझा मान, घरात सून, कशाचं भान नव्हतं. तो वास होता. मध, कापूर, तापलेला चिखल. तिच्या बाहेर वळलेल्या अंगठ्याला, बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या चिरांमध्ये. मी तिचा पाय दोन्ही हातांत धरून वर पाहिलं. ती कुठंतरी माझ्या डोक्यावरून पाहत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाणी घाल," ती म्हणाली. "थंडी वाजून राहिली."

तशीच ओल्या हातांनी मी फाटकाबाहेर गेले. भिंत आणि रस्ता ह्यांच्या मधल्या पट्टीत, जिथं भादव्यातला गाळ बसला होता, भेगाळला होता, जिथून सायकली जात होत्या, पोरं गोट्या खेळत होती, तिथं ती होती. एक नाही. भिंतीच्या कडेकडेनं पार कौसल्याच्या ओट्यासमोरपर्यंत. पानं जमिनीला धरून, खोडांना पंख, आणि कुठं कुठं बोंडं भरायला लागली होती, अजून हिरवी, बुडाशी जांभळी. हिच्यासाठी मी अंगण फोडलं, धान रोवलं, गल्लीचं बोलणं खाल्लं. आणि जिकडे मी पाठ केली होती तिकडे ती आली. पाणी बसलं, उतरलं, मग कोणी ढुंकून पाहिलं नाही. मी उभी राहिले. मला राग यायला हवा होता, मी वाट पाहिली त्याची, तो आला नाही. माझं तोंड उघडं होतं एवढं आठवतं. खाणीच्या काठावर जसं वाटलं होतं तसं काहीतरी वाटत होतं, पण तेव्हा जमीन माझ्यापासून दूर खाली खाली जात होती आणि आता ती माझ्याकडे वर येत होती, अगदी हळू, माझ्या नकळत, माझ्याशिवाय. वास येत होता आणि सायकलवाले त्यातून जात होते.

मग भीती आली. अंगणात म्हटलं होतं मी. ह्याच अंगणात, बळीरामला साक्षीला ठेवून. आणि ही तर बाहेर. मायनं महिनाभर पायानं तिला ओळखलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं, म्हणजे ती हिला मोजत नव्हती. मी तिला विचारलं नाही. ती बोलली नाही. दोघी एकाच घरात त्या मुंडीच्या भोवती गप्प राहिलो, फाल्गुनभर. नाली साफ करणारा फावडं घेऊन आला तेव्हा मी त्या पट्टीच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. तो म्हणाला, बाई, उठा. मी म्हटलं, "ऊन खाऊन राहिली. तू तिकडून सुरू कर." होळीला पोरांनी लाकडं टाकायचा बेत केला, त्यांच्या बापांपर्यंत गेले मी. बोंडं फुगली, रंगली. दुपारी त्या रंगाला पाहिलं की डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे, जणू आपण परवानगी न घेता बघतोय.

पाडव्याला पहिल्या गाडीनं बळीराम आला. मुलानं गुढी उभारली होती. माय न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती आणि तिच्या बाजूला गाठोडं बांधलेलं होतं. कधी बांधलं, कोणाला कळलं नाही. बळीरामनं अंगणात पाहिलं, तिथं हरळी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, चांगला आहे तो. "चालतं का मग, माय?" म्हणाला.

माय उठली. काठी घेतली. मी हात पुढं केला, मग मागं घेतला. ती एकटी पायरी उतरली, धुऱ्यावरून पाय टाकला, फाटकाबाहेर गेली. बळीराम गाठोडं उचलून मागं, त्याच्या मागं मी, शामला, माझा मुलगा. समोर कौसल्या ओटा सारवत होती, थांबली. माय चार पावलं गेली, पायानं चाचपलं, आणि रस्त्याच्या कडेला, भर गल्लीत, वाकली. अशी वाकली जशी त्या पायांच्या वयाची कोणीच बाई वाकू शकत नाही. बोंड तोडलं, तोंडात टाकलं, मान मागं केली. गळा हलताना मला दिसला.  बळीरामला आता वास आला होता.

"गाठोडं आत ठेव गा," माय सरळ होत म्हणाली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "माय, अंगणात नाही आली. मी अंगणात म्हटलं होतं."

"अंगणात आली असती तं गेली असती मी," ती म्हणाली. "अंगण तुहं हाये, तुळसे. तिथं तू आणली असती, तू दिली असती, मी खाल्ली असती. हे कोणाचं हाये?"

"कोणाचंच नाही."

"मग इथं राह्यला मले काय झालं?"

एवढं बोलून ती भिंत धरून उभी राहिली, वाट पाहत, आणि कोणासाठी ते मला कळायला वेळ लागला. मी गल्लीकडे पाहिलं. दारादारांत बायका आल्या होत्या, गुढ्यांच्या खाली, नवी लुगडी नेसून. ह्या गल्लीत माझी मान कधी खाली गेली नव्हती. पदर खोचला. गुडघे वाजले. तोंड जमिनीजवळ गेलं तसा तो वास सगळीकडून आला आणि बोंडं एवढी जवळून, एकेक, लहान लहान फुलांनी गच्च भरलेली, एका बोंडात एवढी की मोजणाऱ्याची नजर जावी. इतकी वर्षं गिळत आले आणि हे पाहिलंच नव्हतं. मी खालीच राहिले.

"काय झालं वं तुळसाबाई?" कौसल्या हातचा पोतेरा टाकून धावत आली. "चक्कर आली का? काही पडलं का तुमचं?"

"काही नाई पडलं," मी म्हटलं. "उभी काय पाहून राहिली? वाक तू पण."